ओपनटीटीडीच्या भारतीय संचात एकच इंजिन सर्वांवर मात करत असेल, तर संतुलन कसे साधावे?

तुम्ही विचारले आहे की, ओपनटीटीडी या वाहतूक कंपनी चालवण्याच्या संगणक खेळासाठी स्वतः बनवलेल्या इंजिन-डब्यांच्या संचात प्रत्येक इंजिनाची शक्ती, वजन आणि गती खरी भरूनही खेळाडू कोळशाच्या गाडीलासुद्धा प्रवासी गाड्यांचे डब्ल्यूएपी-७ इंजिन जोडतात आणि मालगाड्यांचे डब्ल्यूएजी-९ पडून राहते, तर डब्ल्यूएपी-७ ची अश्वशक्ती घटवावी का. माझ्या मते ती मुळीच घटवू नये, कारण दोष शक्तीच्या आकड्यात नाही.

आमच्या नागपुरात अजनीच्या शेडमध्ये ही दोन्ही इंजिने आहेत. डब्ल्यूएपी-७ हे मूळ डब्ल्यूएजी-९ वरूनच, मुख्यतः गिअरचे गुणोत्तर बदलून, घडवलेले इंजिन आहे. दोघांची शक्ती सहा हजार अश्वशक्तीच्या थोडी वर आणि वजन सुमारे १२३ टन. फरक आहे तो सुरुवातीच्या ओढीत, म्हणजे ट्रॅक्टिव्ह एफर्टमध्ये: डब्ल्यूएजी-९ ची ओढ सुमारे ४५८ किलोन्यूटन, तर डब्ल्यूएपी-७ ची सुमारे ३२२. संच लिहिण्याच्या एनएमएल भाषेत ट्रॅक्टिव्ह एफर्ट कोइफिशंट (ओढीचे इंजिनाच्या वजनाशी गुणोत्तर) लिहिला नाही, तर खेळ तो सर्वांसाठी ०.३ धरतो, आणि मग जास्त वेग असलेले इंजिन प्रत्येक बाबतीत सरस ठरणे अटळ आहे. ओढीला वजन गुणिले ९.८ ने भागले की डब्ल्यूएजी-९ साठी ०.३८ आणि डब्ल्यूएपी-७ साठी ०.२७ हे आकडे मिळतात, तेच भरा.

याचा परिणाम नेमका कोठे दिसेल, हे समजून घेणे महत्त्वाचे आहे. खेळातील रिअॅलिस्टिक प्रवेग पद्धतीत इंजिनाची ओढ कमी वेगात या कोइफिशंटच्या मर्यादेने आणि पुढे शक्तीने ठरते (ओरिजिनल पद्धतीत कोइफिशंट विचारातच घेतला जात नाही). ताशी साधारण ५० किलोमीटरच्या पुढे दोन्ही इंजिने जवळजवळ सारखीच ओढतात. त्याखाली, म्हणजे स्थानकातून निघताना आणि चढावर, डब्ल्यूएजी-९ पुढे जाते. संपूर्ण गाडी ३ टक्के चढावर आहे असे धरून, घर्षण सोडून हिशेब केला, तर डब्ल्यूएजी-९ इंजिनासह सुमारे दीड हजार टन वजन वर नेते, तर डब्ल्यूएपी-७ अकराशे टनांच्या आतच गती गमावू लागते. इटारसीकडच्या घाटात मालगाड्यांना मागून ढकलणारे बँकर इंजिन का लावावे लागते, तेही याच हिशेबात आहे.

मात्र खेळातील गाड्या फार हलक्या असतात. खऱ्या बीओएक्सएन (उघड्या मालडब्यांच्या) रेकमध्ये साडेतीन हजार टनांहून अधिक कोळसा असतो, तर खेळात आठ-दहा डब्यांच्या गाडीत काही शे टनच मावतात, आणि एवढ्या वजनाला कोणतेही इंजिन पुरते. म्हणून मालाच्या वजनाचा गुणक १ वरून निदान ३ करून मगच चाचणी घ्यावी. ही निवड खेळाडूच्या सेटिंगमध्ये असते, तेव्हा संचाच्या वर्णनात ती ठळकपणे सुचवावी.

मालडब्यांना ताशी १०० किलोमीटरच्या आतली कमाल गती द्या, म्हणजे डब्ल्यूएपी-७ च्या अधिक वेगाचा कोळशाच्या गाडीला काहीच लाभ उरणार नाही. प्रवासी गाडीत डब्ल्यूएपी-७ चा वेग आपोआप वसूल होतो, कारण प्रवाशांचे भाडे वेळेसोबत झपाट्याने घटते, कोळशाचे फार सावकाश. एवढे केल्यावरही तोल ढळलेला दिसला, तरच रनिंग कॉस्ट फॅक्टरला (इंजिन चालवण्याच्या खर्चाच्या आकड्याला) हात लावावा, आणि तोही थोडा थोडा. खर्च वाढवून इंजिन नकोसे करणे मला योग्य वाटत नाही.

प्रत्येक बदलानंतर नवा खेळ सुरू करून, सपाट आणि चढाच्या अशा दोन समांतर मार्गांवर, त्याच डब्यांसह दोन्ही इंजिने धावू द्या. चालू खेळातील न्यूजीआरएफ (संचाची फाइल) बदलल्यास जतन केलेला खेळ बिघडू शकतो.