अल्टर्ड स्केल : स्वर बरोबर, तरी सोलो खटकतो

प्रश्न : अल्टर्ड स्केल, म्हणजे जॅझमध्ये सेव्हन्थ कॉर्डवर ताण आणणारे सात स्वर. जी अल्टर्ड म्हणजे जीपासून वाजवलेला ए फ्लॅट मेलोडिक मायनर (मेजर स्केलच, फक्त तिसरा स्वर कोमल), हे पाठ आहे. बाराही पट्ट्यांत हात बसलाय. पण डी मायनर सेव्हन, जी सेव्हन, सी मेजर सेव्हन या चालीत जी सेव्हनवर तो लावला की चुकल्यासारखंच वाटतं. असं का होतं?

उत्तर : ए फ्लॅट मेलोडिक मायनर ही स्वर पटकन सापडावेत म्हणून केलेली सोय आहे. वाजवतानाही डोक्यात तोच राहिला, तर हात ए फ्लॅटवर येऊन विसावतो आणि जी सेव्हनवर नेमका तोच स्वर विसावू देत नाही. म्हणून जीपासूनच मोजा (नाईन म्हणजे सप्तकापलीकडचा दुसरा स्वर; फ्लॅट म्हणजे अर्धा स्वर खाली, शार्प म्हणजे अर्धा स्वर वर). ए फ्लॅट हा फ्लॅट नाईन, बी फ्लॅट हा शार्प नाईन, मग बी म्हणजे कॉर्डचा तिसरा, डी फ्लॅट हा फ्लॅट फाइव्ह, ई फ्लॅट हा शार्प फाइव्ह आणि एफ हा सातवा. सरगमच्या भाषेत जीला सा धरलं तर कोमल रे, दोन्ही ग, तीव्र म, कोमल ध, कोमल नी. शुद्ध म आणि प दोन्ही नाहीत. कॉर्डची ओळख बी आणि एफ या दोन स्वरांवर टिकून आहे. ते फ्रेजमधून गायब झाले की ऐकणाऱ्याला जी सेव्हन ऐकूच येत नाही.

आता खरा मुद्दा. या स्केलमधल्या ताणलेल्या प्रत्येक स्वराला पुढच्या कॉर्डमध्ये उतरायची जागा आहे, आणि ती बहुधा अर्ध्या स्वरावरच असते. ए फ्लॅट जीवर उतरतो, डी फ्लॅट सीवर, एफ ईवर. ई फ्लॅट खाली डीवर येतो किंवा वर ईवर जातो. बी फ्लॅट एवर येतो, किंवा ए फ्लॅटवरून पुढे जीवर. सोलो खटकतो तो बहुतेक वेळा उतरण न घेतल्यामुळे. जी सेव्हनच्या बारमध्ये (चार मात्रांत) आठ एट्थ नोट्स, म्हणजे अर्ध्या मात्रेचे स्वर, अशा वाजवून पाहा : बी, डी फ्लॅट, ई फ्लॅट, एफ, ई फ्लॅट, डी फ्लॅट, बी फ्लॅट, ए फ्लॅट, आणि पुढच्या बारच्या पहिल्या मात्रेवर जी. मेट्रोनोम 60 वर ठेवा. मग तीच फ्रेज शेवटच्या जीशिवाय तोडून पाहा. फरक लगेच कळेल.

सी मायनरकडे जाताना हे स्केल आधी शिका, असं माझं मत आहे. ए फ्लॅट, बी फ्लॅट, ई फ्लॅट हे सी नॅचरल मायनरचेच स्वर असल्यामुळे कानाला धक्का कमी बसतो. मेजरकडे जाताना रंग जास्त भडक लागतो.

प्रश्न : गिटारवर साथ करताना यासाठी कोणता कॉर्ड धरावा?

उत्तर : रूट (कॉर्डचा मूळ स्वर, इथे जी) बेसवाल्याकडे सोडा. पाचव्या तारेवर दुसरा फ्रेट, चौथ्या आणि तिसऱ्या तारेवर तिसरा, दुसऱ्या तारेवर चौथा. स्वर येतात बी, एफ, बी फ्लॅट, ई फ्लॅट. पाचव्या तारेवरचं बोट तसंच ठेवून बाकीचे तिन्ही स्वर एकेक फ्रेट खाली आणा : बी, ई, ए, डी. खाली बेस सी वाजवत असेल तर हाच सी मेजर सेव्हन, वर नाईन आणि थर्टीन (सप्तकापलीकडचा सहावा स्वर) घेऊन. पियानोवरही हेच चार स्वर चालतात.

एक काळजी घ्या. साथीदार जी थर्टीन वाजवत असेल, तर त्याचा ई आणि तुमचा ई फ्लॅट एकमेकांवर घासतील. कॉर्ड चार्टवर नुसतं जी सेव्हन लिहिलेलं असेल तर आधी बोलून घ्या, नाहीतर पहिला कोरस (गाण्याची एक पूर्ण फेरी) ऐका. गाण्याच्या मेलडीतच ए किंवा ई असेल, तर ती चालू असताना साथीत अल्टर्ड नकोच.

प्रश्न : हाफ-होल डिमिनिश्ड (अर्धा आणि पूर्ण स्वर आलटून पालटून घेणारं स्केल) आणि अल्टर्ड यांत सारखी गल्लत होते.

उत्तर : होणारच, जीपासून डी फ्लॅटपर्यंतचे पहिले पाच स्वर एकच आहेत. पुढे डिमिनिश्डमध्ये डी, ई, एफ येतात. अल्टर्डमध्ये फक्त ई फ्लॅट आणि एफ. म्हणजे डिमिनिश्डला शुद्ध पाचवा आणि थर्टीन दोन्ही आहेत. वरच्या जी थर्टीनवर फ्लॅट नाईन हवा असेल तर डिमिनिश्ड घ्या.

प्रश्न : ब्लूजमध्ये प्रत्येक सेव्हन्थ कॉर्डवर अल्टर्ड लावता येईल का?

उत्तर : नाही. सीमधल्या 12 बार ब्लूजचा पहिला सी सेव्हन कुठेही जात नसतो, तो घरचाच कॉर्ड आहे. तिथे ताण दिला तर तो सुटत नाही. चौथ्या बारमध्ये मात्र तोच सी सेव्हन पाचव्या बारच्या एफ सेव्हनकडे निघालेला असतो, तिथे सी अल्टर्ड छान बसतो. आणि बेसवाल्याने जी सेव्हनच्या जागी डी फ्लॅट सेव्हन घेतला, तर तुमची जी अल्टर्डची फ्रेज जशीच्या तशी वाजवा. तेच सात स्वर डी फ्लॅटपासून मोजले की लिडियन डॉमिनंट (मेजर स्केलच, पण चौथा स्वर तीव्र आणि सातवा कोमल) होतात.