५० मिमीची कार्बन व्हील्स मुंबईतल्या वाऱ्यात आणि घाटात चालतील का?

तुम्ही विचारलंय की आठवडाभर पाम बीच रोड आणि रविवारी कसारा घाट असं चालवता, तर पुढे-मागे ५० ची, म्हणजे टायरपासून आत ५० मिमी खोल रिमची कार्बन व्हील्स घ्यावीत का, वाऱ्यात त्रास होईल का, घाटात जड पडतील का. सायकल कुठली, डिस्क ब्रेक आहे, बजेट किती, सगळं लिहिलंत, फक्त स्वतःचं वजन लिहिलं नाहीत. आणि पहिली गोष्ट तीच आहे. ती कुणी विचारत नाही म्हणूनच मी लिहायला बसले.

माझं वजन ५४ किलो. चार वर्षांपूर्वी आमच्या चेंबूरच्या ग्रुपमधल्या एका सीनियर दादांनी त्यांची जुनी ६० ची व्हील्स मला दिली, विकतच, पण चांगल्या भावात. रिम ब्रेकवाली, जुन्या धाटणीची, म्हणजे रिम आतल्या बाजूला निमुळती होत एकदम धारदार झालेली. दादा ८२ किलोचे, त्यांना त्या चाकांवर कधी काही झालं नव्हतं, म्हणाले तुलाही होणार नाही, फक्त सवय लागेल. सवय लावायला मी फेब्रुवारी-मार्च रोज पहाटे पाचला जायचे, पहाटे वारा जवळपास नसतोच, त्यामुळे मलाही वाटलं झाली सवय.

एप्रिलमधल्या एका रविवारी पनवेलला गेलो होतो, मिसळ, चहा, गप्पा, निघायला उशीर, वाशीच्या खाडीपुलावर पोचेपर्यंत बारा वाजले. त्या दिवसांत दुपारकडे समुद्रावरून वायव्येचा वारा सुटतो आणि वाशीहून मानखुर्दकडे येताना तो समोरून पण तिरका, उजव्या अंगाने लागतो, खाडीवर त्याला अडवायला काहीच नाही. मी पूलभर सायकल किंचित उजवीकडे कलवून चालवत होते, म्हणजे वाऱ्यावर टेकूनच म्हणा ना. तेवढ्यात उजवीकडून एक कंटेनरचा ट्रेलर पुढे जायला लागला आणि त्याचा आडोसा आला. ज्यावर टेकले होते तेच गेलं, सायकल सरळ ट्रेलरच्या मागच्या चाकांकडे गेली. जीव खाऊन डावीकडे घेतली, तर तोपर्यंत ट्रेलर पुढे सरकला, वारा परत आला आणि पुढच्या चाकावर असा बसला की हँडल हातातल्या हातात फिरलं आणि मी डावीकडच्या कठड्यावर. कॉलरबोन मोडलं. सगळं मिळून तीन-चार सेकंद असतील. मागून येणाऱ्या टेम्पोवाल्याने टेम्पो आडवा लावून ट्रॅफिक थांबवला, सायकल टेम्पोत टाकली, मला हॉस्पिटलपर्यंत सोडलं आणि एक रुपया घेतला नाही.

संध्याकाळी हात गळ्यात बांधून घरी आले तर ग्रुपवर दादांचा मेसेज, "हँडल घट्ट धरलं असणार. वाऱ्याला घाबरलं की असंच होतं." खाली आठ अंगठे. कॉलरबोन दोन महिन्यांत जुळलं, त्या मेसेजला मी अजून उत्तर देतेय.

उत्तर असं आहे. आडवा वारा रिमवर जितका दाब टाकतो तो रिमच्या पृष्ठभागावर आणि आकारावर ठरतो, वर कोण बसलंय ते वाऱ्याला दिसत नाही. तोच धक्का ८२ किलोचा माणूस खातो आणि तोच ५४ किलोची बाई खाते. हे घाबरण्याचं नाही, वजनाचं गणित आहे. दुसरं म्हणजे पुढचं चाक हँडलला जोडलेलं असतं, त्यामुळे वारा त्याला नुसता ढकलत नाही, हँडलसकट वळवतो. मागचं चाक डावी-उजवीकडे वळूच शकत नाही, सायकल थोडी बाजूला सरकते एवढंच. म्हणून त्रास असतो तो पुढच्या चाकाचा.

हाडं जुळल्यावर मी पुढे सायकलबरोबर आलेलं ॲल्युमिनियमचं बुटकं, म्हणजे कमी खोल रिमचं चाक लावलं आणि मागे तेच ६० चं ठेवलं. ग्रुपमध्ये लगेच सुरू, दोन चाकं दोन जातीची, हे काय ध्यान दिसतंय. मी पुढच्या एप्रिलमध्ये मुद्दाम भर दुपारी तीनदा तो पूल केला. धक्के बसले, ट्रेलरही गेले शेजारून, पण हँडल जागच्या जागी राहिलं. आणि ज्यांना हे ध्यान वाटतं त्यांनी कंपन्यांचे आकडे बघावेत, रोवालच्या पहिल्या रॅपिडमध्ये पुढची रिम ५१ आणि मागची ६० होती, एन्व्हीच्या पहिल्या ४.५ मॉडेलमध्ये पुढे ४८ आणि मागे ५६. हवाईला कोनाच्या आयर्नमॅनमध्ये तर वाऱ्यामुळे मागचंही डिस्क व्हील, म्हणजे स्पोकऐवजी पूर्ण बंद तबकडीचं चाक, वर्षानुवर्षं लावू दिलेलं नाही, आणि तिथे सायकल चालवणाऱ्यांना हँडल धरता येत नाही असं दादाही म्हणणार नाहीत.

तर वजन ६० च्या आत असेल तर पुढे ३५, फार तर ४०, मागे काय हवं ते. ७५ च्या वर असाल तर दोन्ही ५० घ्या, बिनधास्त घ्या. मधे असाल तर पुढे ४० मागे ५०. दुकानदार जोडी फोडून देत नाहीत, पण विचारून बघा, आमच्या ओळखीत दोघांना मिळालीय.

घाटाचं फार डोक्यात घेऊ नका. समजा खोल चाकं ३०० ग्रॅम जास्त आहेत. मी, सायकल, बाटल्या मिळून ६४ किलो, म्हणजे अर्धा टक्कासुद्धा नाही. कसारा ते इगतपुरी साधारण ३०० मीटर चढ आहे, मला चाळीस मिनिटं लागतात, त्यात दहा-अकरा सेकंदांचा फरक. फिरणारं वजन दुप्पट धरायचं वगैरे जे सांगतात ते स्पीड वाढवताना, एका लयीत चढताना किलो तो किलोच. चढण्यापेक्षा उतरतानाचं बघा, वळणावरून बाहेर आलं की दरीतून झोत येतो आणि स्पीड ताशी ५० किमी असतो.

आता वर लिहायला हवी होती ती गोष्ट. नुसता खोलीचा आकडा पुरेसा नाही. हल्लीच्या रुंद, आतून गोलसर रिम वाऱ्यात पुष्कळच शांत असतात, नवी ५० ची रिम माझ्या त्या जुन्या ६० सारखी मुळीच नाही, त्यामुळे माझ्या पडण्यावरून सगळ्याच खोल चाकांना नावं ठेवू नका. आणि दादांचं एक बरोबर होतं, कोपर वाकवून हात सैल ठेवले की खरंच फरक पडतो, मी आता तसंच चालवते. पण त्यांनी ते चाकं विकताना सांगायचं होतं, मी पडल्यावर नाही.

तुमचे डिस्क ब्रेक आहेत म्हणून ब्रेकचं सोडते, रिम ब्रेक असते तर कार्बनवर कसारा उतरू नका असंच सांगितलं असतं, ब्रेक धरून धरून रिम तापते आणि कार्बनचे धागे धरून ठेवणारं आतलं रेझिन मऊ पडतं. हुकलेस रिम, म्हणजे टायरची कड अडकवायला आत ओठ नसलेली रिम, असेल तर ५ बारच्या वर, म्हणजे ७२ पीएसआयच्या वर हवा भरायची नाही आणि टायरही हुकलेसला चालणाराच लागतो, १०० भरायची सवय असेल तर ती आधी मोडा. स्पोकचे निपल, म्हणजे स्पोक रिमला आवळणारे छोटे नट, पितळेचे मागा, आपल्याकडच्या खाऱ्या हवेत कार्बनला टेकलेले ॲल्युमिनियमचे निपल गंजून अडकतात आणि मग चाक सरळ करता येत नाही. ५० च्या रिमला ट्यूबचा व्हॉल्व्ह ८० मिमीचा लागतो, तो रस्त्यावरच्या पंक्चरवाल्याकडे नसतो, दोन ट्यूब जवळ ठेवा. पुढे-मागे वेगळी रिम घेतलीत तरी दोन्ही ट्यूब लांब व्हॉल्व्हच्याच घ्या, लांब व्हॉल्व्ह बुटक्या रिमला चालतो, उलटं चालत नाही.

वजन लिहा खाली, मग टायरचं सांगते.