मान मळलेली नाही

प्रश्न : माझा मुलगा 11 वर्षांचा. हातपाय काटकुळे, पोट मात्र पुढे. वर्षभर मानेवर काळा पट्टा दिसतोय. सासूबाई रोज नारळाच्या सोडणाने घासतात, पण जात नाही. यांना 34 व्या वर्षीच डायबेटिस निघाला. मध्यंतरी मुलाला ताप होता तेव्हा रक्त तपासलं, तर सीआरपी (दाह दाखवणारी रक्ततपासणी) वाढलेला. लॅबवाला म्हणाला, अंगात सूज आहे. सूज तर कुठेच दिसत नाही!
– एक आई, मालवण तालुका

उत्तर : ताई, आधी ते सोडण चुलीत घाला. पोराची मान सोलून निघेल. तो बहुधा मळ नसावा. रक्तात इन्शुलिन, म्हणजे साखर आवरणारं द्रव्य, सतत जास्त राहिलं की मानेच्या, काखेच्या वळ्यांतली कातडी अशी जाड नि काळपट होते.

सीआरपीचा कागद बाजूला ठेवा. तापात तो वाढणारच. पण लॅबवाला अगदीच चुकला नाही. आतड्यांभोवती साठलेली चरबी गप्प बसत नाही. तिच्यातून दाह वाढवणारी द्रव्यं रक्तात झिरपतात आणि यकृत, स्नायू इन्शुलिनला दाद देईनासे होतात, म्हणून शरीर आणखी इन्शुलिन सोडत राहतं. ही सूज बोटाने दाबून कळायची नाही.

'काटकुळ्या पोराला कसला डायबेटिस?' हे मी दवाखान्यात रोज ऐकते. पुण्याच्या केईएममधले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या खेड्यांतली बाळं मोजली. इंग्लंडमधल्या बाळांचं सरासरी वजन साडेतीन किलो, आपल्यांचं 2.7, तरी कातडीखालची चरबी त्या मानाने फारशी कमी नव्हती. तेव्हा हातपाय बघून फसू नका. एक सुतळी मुलाच्या उंचीएवढी कापा, मधोमध दुमडा आणि बेंबीजवळ पोटाभोवती फिरवा. टोकं जुळली नाहीत तर पोट जास्त आहे.

मग उपाशीपोटी साखर आणि एचबीएवनसी (मागच्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) करून घ्या. साखर 100 ते 125 किंवा एचबीएवनसी 5.7 ते 6.4 आलं, तर मुलगा डायबेटिसच्या उंबरठ्यावर आहे, अजून मागे फिरवता येतो. बालरोगतज्ज्ञांना मात्र दाखवाच.

तो काय खातो ते तुम्ही लिहिलं नाहीत. माझ्याकडे येणारी पोरं सकाळी चहा-खारी आणि दुपारी पाकिटातलं काहीतरी खातात. वर आई कौतुकाने सांगते, 'थंड म्हणून अमृत कोकम देते.' अहो, तो साखरेचा पाक! आगळाची, म्हणजे बिनसाखरेच्या कोकम रसाची, सोलकढी द्या. तारली, बांगडा, कुळथाची पिठी, नाचणीची भाकरी घरात असताना खारी कशाला? आंबा मी बंद करणार नाही, मे महिन्यात ते पाप माझ्या माथी नको. फोडी खाऊ द्या, वाट्या भरून आमरस नको. आणि रोज तासभर घामाघूम होईस्तोवर खेळ.

एकच गोष्ट थांबू देत नाही. तहान भागेना, रात्री अंथरूण ओलं होऊ लागलं, वजन भराभर उतरलं, तर सुतळी-बितळी विसरा आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठा.