सिंहाचं ते गाणं मुळात कुणाचं?

प्रश्न: मुलीच्या शाळेत गॅदरिंगला 'द लायन किंग'मधलं ते 'अ-विमोवे' वालं गाणं बसवलंय. कुणी म्हणतं डिस्नेचं, कुणी म्हणतं एका जुन्या अमेरिकन बँडचं. खरं कुणाचं आणि पहिलं रेकॉर्डिंग कधीचं?
– एक आई, सातारा

उत्तर: दोघांचंही नाही ताई. गाणं दक्षिण आफ्रिकेतल्या सॉलोमन लिंडा या झुलू गायकाचं. त्याने 1939 मध्ये जोहान्सबर्गला गॅलो कंपनीच्या स्टुडिओत 'इव्हिनिंग बर्ड्स' या आपल्या ग्रुपसोबत 'म्बुबे', म्हणजे सिंह, हे गाणं रेकॉर्ड केलं. ते मिळालं तर नक्की ऐका आणि शेवटपर्यंत ऐका, कारण मागे साथीदारांचा खर्जातला कोरस तोच तोच फिरत असतो, वर लिंडा उंच आवाजात आळवत असतो आणि अगदी संपता संपता तो एक ओळ उत्स्फूर्त गाऊन जातो, ती फक्त काही सेकंदांची, पण आज जगभर लोक गुणगुणतात ती चाल तीच!

रेकॉर्ड लाखाच्या आसपास खपली. लिंडाला हक्कांचे मिळाले जेमतेम दहा शिलिंग, आणि नोकरी काय तर त्याच कंपनीत रेकॉर्डी पॅक करायची.

पुढे ती रेकॉर्ड अमेरिकेत लोकगीतं गोळा करणाऱ्या अॅलन लोमॅक्सकडून लोकगायक पीट सीगरच्या हाती लागली, त्याला कोरसमधल्या 'उयिंबुबे'चं 'विमोवे' ऐकू आलं आणि त्याच्या 'वीव्हर्स' ग्रुपने 1951 मध्ये त्याच नावाने गाणं काढलं. क्रेडिट दिलं पॉल कँपबेलला, आणि असा कुणी माणूसच नव्हता, ते ग्रुपचंच टोपणनाव. मग 1961 ला 'टोकन्स'नी इंग्रजी शब्द घालून गायलं ते अमेरिकेत एक नंबरला गेलं. तुम्ही ऐकलेला अमेरिकन बँड तो हाच.

लिंडा 1962 ला गरिबीतच वारला. सीगरने एकदा हजार डॉलर पाठवले होते, पण गाण्याने मिळवलेल्या पैशापुढे ते काहीच नाही, मला तर हे वाचून फार वाईट वाटतं. पण लिंडाच्या मुलींना मदत झाली ती ब्रिटिशांच्या 1911 च्या कॉपीराइट कायद्याची, त्यात लेखकाच्या मृत्यूनंतर 25 वर्षांनी विकलेले हक्क वारसांकडे परत यायचे. त्या जोरावर 2004 मध्ये डिस्नेवर केस झाली, 2006 मध्ये तडजोड झाली, मुलींना रॉयल्टी मिळाली आणि सहसंगीतकार म्हणून सॉलोमन लिंडाचं नाव लागलं.