१ टीबीच्या हार्ड डिस्कमध्ये ९३१ जीबीच का दिसते?

तुम्ही विचारलंय की जळगावात घेतलेली १ टीबीची डिस्क विंडोजवर ९३१ जीबी दाखवते, म्हणजे दुकानदाराने गंडवलं का? नाही. डिस्क पूर्ण आहे, फरक मोजण्याचा आहे.

कंपनी १ टीबी म्हणजे १ वर बारा शून्यं इतके बाइट धरते. विंडोज मात्र १०२४ च्या पटीत मोजतं. त्याच्या लेखी १ जीबी म्हणजे १,०७,३७,४१,८२४ बाइट. भागाकार करा, ९३१ येतात. आपल्या खान्देशात कापसाचा तोच ढीग क्विंटलमध्ये सांगितला की एक आकडा, खंडीत (साधारण ३५६ किलो) सांगितला की दुसरा, कापूस तेवढाच. खरं तर १०२४ च्या हिशोबाला १९९८ पासून ‘गिबिबाइट’ असं वेगळं नाव आहे, पण विंडोज अजून जीबीच लिहितं. गोंधळ तिथूनच. मॅकवर २००९ पासून कंपनीसारखंच मोजतात.

खातरजमा करायची तर डिस्कवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा. तिथे बाइटचा पूर्ण आकडा असतो, तो एक लाख कोटींच्या आसपास हवा. थोडी जागा फॉरमॅटिंगलाही जाते.

मोबाइलचं वेगळं. तिथे अँड्रॉइड आणि कंपनीची ॲप्सच बरेच जीबी खाऊन बसतात.

बाजारात दोन-तीनशे रुपयांत २ टीबीचा पेनड्राइव्ह मिळाला, तर मात्र संशय घ्याच. तो आकडा पूर्ण दाखवतो, पण आत तेवढी जागा नसते. एच२टेस्टडब्ल्यू या फुकट प्रोग्रामने तो पूर्ण भरून तपासा.