लग्नानंतरच्या पहिल्या अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासरी काय न्यावं?

अगं, पुरणपोळीच्या भानगडीत पडू नकोस. अखाजीला खापरावरचे मांडे, म्हणजे मोठाल्या पातळ पुरणपोळ्या, आणि आमरस तिथे असणारच, आणि त्यात घरच्या बायकांचा हात बसलेला असतो. दुधाचं काही नेऊ नकोस. जळगावच्या उन्हात पारा 42 च्या वर जातो, बासुंदी एसटीत टिकायची नाही.

बेसनाचे लाडू कर. 2 वाट्या जाडसर बेसन, पाऊण वाटीला थोडं कमी तूप, सव्वा वाटी पिठीसाखर, वेलची. तूप हात राखूनच घाल, नाहीतर उन्हाने लाडू डब्यात बसतात. सगळी गोम भाजण्यात आहे. गॅस मंद ठेव आणि 25 मिनिटं तिथून हलू नकोस, फोन आला तरी. आधी पीठ जड लागतं, मग सैल होऊन तूप सोडतं, खमंग वास घरभर जातो. तिथे थांब. साखर मात्र पीठ कोमट झाल्यावरच. माझी पहिली खेप गरम पिठात साखर घातल्याने पातळ झाली होती, फार रडले होते मी.

आदल्या दिवशीच वळून स्टीलच्या डब्यात भर. पोचल्यावर डबा थेट सासूबाईंच्या हातात दे. त्या आधी देवापुढे आणि आगारीच्या, म्हणजे पितरांच्या नैवेद्याच्या, पानावर ठेवतील, मग पोरांना वाटतील.