एएमटी (ऑटोमेटेड मॅन्युअल ट्रान्समिशन, म्हणजे गिअर आपोआप बदलणाऱ्या) गाडीचा क्लच बदलताना फक्त क्लच प्लेट बदलली तर चालेल का?

सहसा चालत नाही. एएमटी गाडीत क्लचचे पेडल नसले, तरी आत साध्या मॅन्युअल गाडीतलाच कोरडा (तेलात न बुडलेला) क्लच असतो. फरक एवढाच, की तो पायाऐवजी अ‍ॅक्च्युएटर (संगणकाच्या हुकमावर हलणारी यंत्रणा) दाबतो आणि केव्हा व किती दाबायचा, हे गिअरबॉक्सचा संगणक ठरवतो. गिअरबॉक्स खाली उतरवण्यातच बहुतेक मजुरी जात असल्याने क्लच प्लेट, तिला दाबून धरणारी प्रेशर प्लेट आणि तो दाब सोडवणारे रिलीज बेअरिंग एकत्रच बदलावे. त्याच वेळी फ्लायव्हीलवर (क्लच प्लेट जिच्यावर पकड घेते त्या इंजिनाच्या जड चकतीवर) निळसर डाग किंवा बारीक तडे दिसतात का आणि क्रँकशाफ्टच्या मागच्या ऑइल सीलमधून तेल पाझरते का, हेही तपासून घ्यावे, कारण तेल लागलेली नवी प्लेटही घसरू लागते.

खरी मेख पुढे आहे. जुनी प्लेट झिजत गेली, तसा क्लच पकड घेण्याचा बिंदू सरकत गेलेला असतो आणि संगणकाने तोच लक्षात ठेवलेला असतो. त्यामुळे नवा क्लच बसवल्यावर त्या गाडीला चालणाऱ्या स्कॅनरने नव्याने ‘क्लच लर्निंग’ करून घ्यावे लागते. ते न केल्यास गाडी निघताना धक्के देते, गिअर अडकतो किंवा नवी प्लेट विनाकारण झिजते. ही सोय नसलेल्या गॅरेजकडे, मेकॅनिक कितीही अनुभवी असला तरी, हे काम देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

मात्र निघताना धक्के बसतात एवढ्यावरून क्लच संपला असे समजू नये. दोष अ‍ॅक्च्युएटरचाही असू शकतो. चढावर इंजिनाचे आरपीएम वाढूनही वेग वाढत नसेल, तर मात्र संशय क्लचवरच घ्यावा.